सबमिशन झालं, शिकायचं राहिलं

इंजिनिअरिंगचं सबमिशन म्हणजे काय? फाइल एकाची, हस्ताक्षरं वर्गभराची. प्रोग्रॅम तोच, आउटपुट तेच, चूकही तीच. सर सही करतात, टर्मवर्कचे मार्क पडतात. फाइल एक दिवस उशिरा गेली किंवा हजेरी ७५ टक्क्यांखाली आली, तर मात्र आभाळ कोसळतं.

आता अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा कॉम्प्युटर सिस्टिम्सचा कोर्स बघा. १९९८पासून चालू आहे. त्यातल्या ‘बॉम्ब लॅब’मध्ये प्रत्येकाला वेगळा, कंपाइल केलेला प्रोग्रॅम मिळतो. मूळ कोड मिळत नाही. डीबगर लावायचा, असेम्ब्ली वाचायची आणि सहा टप्प्यांची उत्तरं शोधायची. चुकलं की ‘बॉम्ब’ फुटतो, मार्क कापले जातात. शेजाऱ्याचं उत्तर तुमच्या कामाचं नाही. उशीर झाला तर ठरावीक ‘ग्रेस डे’ वापरता येतात. कॉपीला मात्र माफी नाही.

म्हणजे नियम तिथेही कडकच. पण त्यांचा राग कॉपीवर, आपला उशिरावर.

‘आपल्याकडे मुलं जास्त, शिक्षक कमी’ हे उत्तर ठरलेलं आहे, आणि खरंही आहे. पण बॉम्ब फुटला की सर्व्हरला तो स्वतःच कळवतो. साठ फायलींवर सह्या करायलाच माणूस लागतो.

रात्रभर जागून स्वतःचा मोडका प्रोग्रॅम देणाऱ्याला कॉपीवाल्यापेक्षा कमी मार्क पडतात. पुढच्या वेळी कॉपी कर, हे त्याला आपला नियमच शिकवतो. मग इंटरव्ह्यूत पॉइंटरवर गप्प बसणाऱ्या मुलाला हसू नका. त्याच्या फाइलवर सही कुणाची आहे, ते बघा.