क्षार म्हणजे नेमकं काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही मराठी शाळेतल्या दहावीच्या पोरांना विचारा, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की काय तयार होतं? क्षार आणि पाणी. आता हाच धडा मोबाईलवर हिंदीत बघा. तिथं पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीलाच 'क्षार' म्हणतात आणि आपल्या क्षाराला 'लवण'. कन्नडमध्येही लवणच, आणि आम्लारीला 'प्रत्याम्ल'. शब्द तोच, अर्थ भलताच. पोरगं गोंधळलं तर दोष त्याचा कसा?

म्हणून 'मोबाईल आला, आता माध्यमाचा प्रश्न संपला' हे मला पटत नाही. उलट तो वाढलाय.

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट सांगते. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम 350-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करावी, असं ते राज्यांना सांगतं, पण फक्त प्राथमिक टप्प्यावर. रसायनशास्त्र खऱ्या अर्थानं सुरू होतं हायस्कुलात. म्हणजे जिथं भाषेची गरज सर्वात जास्त, तिथं हे कलम थांबतं. मग मागणी आपणच करायला पाहिजे.

साधन नाही असंही नाही. अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकनं केलेल्या 'ओलॅब्स'मध्ये नववी ते बारावीचे प्रयोग आहेत, मराठीतही आहेत. पीएच पेपरचा रंग कसा बदलतो, हे दहा वेळा करून बघता येतं. ॲसिड सांडायची भीती नाही.

पण ते एसएसएलसीच्या कुठल्या धड्याला लागू पडतात, हे मराठी पोरांना कोण सांगणार? बीएस्सी, एमएस्सी झालेल्या आपल्याच मित्रमैत्रिणींनी धड्यानुसार यादी करावी. सोबत मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी शब्दांचा एक तक्ता. पीयूसीला गेल्यावर आम्लारीचा 'बेस' आणि क्षाराचा 'सॉल्ट' होतो, तेव्हा हाच तक्ता हात देईल.

एक मात्र लक्षात ठेवा. पडद्यावरची परीक्षानळी गरम लागत नाही, अमोनियाचा वास नाकात जात नाही. 'व्हर्च्युअल लॅब आहे की' म्हणून कुणी शाळेची प्रयोगशाळा बंद ठेवत असेल, तर तेही मान्य करू नका. दोन्ही मागा.

फलकावरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच पाहिजे. तेवढ्याच जोरानं प्रयोगवहीतल्या मराठीसाठीही बोलूया.