मजुराची पँट, जपानचा माग

नक्कल हा शब्द आपण बहुधा हिणवायलाच वापरतो. शेजाऱ्याची वही पाहून उतरवणाऱ्या मुलावर मीही रागावतो. पण जपानी कारागिरांनी केलेल्या एका नकलेबद्दल वाचले आणि या शब्दाचा मला पुन्हा विचार करावा लागला.

ओकायामा प्रांतातले कोजिमा शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध होते. महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांच्या जुन्या जीन्स जपानी बाजारात आल्या आणि 1960 च्या दशकात कोजिमात जीन्स शिवायला सुरुवात झाली. पुढे अमेरिकी गिरण्यांनी वेगासाठी धोट्याचे अरुंद माग टाकून रुंद, बिनधोट्याचे माग घेतले. कापडाचा पक्का काठ गेला. नेमक्या त्या काळात ओसाकातल्या स्टुडिओ डार्टिझान, एव्हिसू, वेअरहाउस यांसारख्या छोट्या कंपन्यांनी जुन्या पद्धतीचेच कापड विणून घ्यायचे ठरवले. जुन्या पँटी उसवून धाग्याची जाडी, शिलाई, बटणे तपासली. अमेरिकेतली व्हाइट ओक ही नामांकित डेनिम गिरणी 2017 अखेर बंद पडली. जपानमध्ये धोटा अजून धावतो आहे.

1937 मध्ये लिवाईसने मागच्या खिशांचे रिव्हेट कापडाखाली लपवले, खुर्ची-खोगिराला ओरखडे पडू नयेत म्हणून. बाहेरून ते दिसतही नाहीत. तरी जपानी कारागीर ते तसेच लावतात. युद्धात धागा वाचवण्यासाठी खिशावरची कमानदार शिलाई रंगाने काढली जाई. शत्रुराष्ट्राची ती टंचाईही हे लोक निगुतीने रंगवतात.

आपल्याकडे याला ‘एहसान’ म्हणतात. इथे त्याचा अर्थ उपकार नव्हे. कोणी पाहो न पाहो, अल्लाह पाहतो आहे या जाणिवेने काम उत्तम करणे, हा अर्थ. तो कारागीर मुसलमान नाही, पण न दिसणाऱ्या रिव्हेटमध्ये मला हाच गुण दिसतो.

याला दुसरी बाजूही आहे. खिशावरच्या शिलाईवरून लिवाईसने 2007 मध्ये काही जपानी कंपन्यांवर दावे केले. शिवाय खाणकामगारांसाठी जन्मलेली ही पँट आज इतकी महाग आहे, की मजुराला ती परवडणार नाही.

पण त्या महागाईतच एक धडा आहे. धोट्याचे माग मालेगाव-भिवंडीतही आहेत. आपले अन्सारी, मोमीन बांधव पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर राबले. तिथून स्वस्त कोरे कापड निघते आणि मोडीत निघालेला माग भंगारात वजनावर जातो. जपानमध्ये सावकाश विणलेल्या कापडाला भाव देणारा ग्राहक तयार झाला, म्हणून माग टिकला. हुनर आपल्याकडे कमी नव्हते, त्याला किंमत देणारे कमी पडले. त्यात आपणही आलो. ईदचे कापड घेताना घासाघीस करणारे आपणच असतो.

वर्गात ‘वालिद काय करतात?’ असे विचारले, की मागावर काम करणाऱ्याचा मुलगा हळूच ‘मजुरी’ म्हणतो. ‘विणकर’ म्हणत नाही. तो शब्द त्याला ताठ मानेने म्हणता यावा, एवढे तरी आपण शिकवायला हवे. आणि त्याच्या वालिदना दामही पुरेसा मिळायला हवा. नुसत्या कौतुकाने घर चालत नाही.