पिशवी आणलीय का?

आमच्या घरात दारामागच्या खिळ्याला माझी जुनी पँट टांगलेली असते. म्हणजे पँटचा डावा पाय. खालून शिवून, वर दोन बंद लावून सौभाग्यवतींनी त्याची पिशवी केली आहे. उजव्या पायाचीही केली होती. तो गेल्या वर्षी दोन नारळ आणि एका लाल भोपळ्याच्या भाराने उसवला. ही पँट मी नोकरीत असताना जेवढी कामाची होती, त्यापेक्षा पिशवी झाल्यापासून अधिक कामाची झाली, असं आमच्या घरात एक मत आहे. त्यातला टोला पँटला नसून आतल्या माणसाला आहे हे मला कळतं. पण तो वाद आज नको.

आजचा वाद आमच्या एका स्नेह्यांशी आहे. गृहस्थ मुंबईचे. खालापूरच्या बाजूला त्यांनी शेतघर बांधलंय. शेतघर म्हणजे जिथे शेत नसतं आणि आठवड्यातले पाच दिवस घरही नसतं, अशी वास्तू. शनिवारी द्रुतगती महामार्गावरून दोन गाड्या भरून मंडळी येतात, रविवारी रात्री जातात आणि मधल्या वेळात पर्यावरणाचं रक्षण करतात. दात बांबूच्या ब्रशाने घासतात. प्लास्टिक वर्ज्य म्हणून पाण्याच्या सहा नव्या स्टीलच्या बाटल्या घेतल्या. जुन्या सहा होत्या, त्याही स्टीलच्याच. पण त्यांच्यावर हिरव्या पानाचं चित्र नव्हतं! एका प्रदर्शनातून तागाची पिशवी आणली, साडेसहाशे रुपयांची. पृथ्वी वाचवा अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य तिच्यावर छापलंय. ही पिशवी ते बाजारात नेत नाहीत. मळते म्हणे.

तर परवा माझ्या खांद्यावरचा पँटचा पाय बघून हे गृहस्थ हसले. म्हणाले, "अहो, तुमच्या एका पिशवीनं काय होणार? तिकडे रसायनीला कारखाने बघा. महामार्गावरच्या गाड्या बघा. सुरुवात वरून व्हायला हवी. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे."

त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. कारखान्यांना धरायलाच हवं. पण माझा अनुभव असा की, 'आधी कारखान्यांना धरा' असं म्हणणारा माणूस कारखान्यांना धरायला कधी जात नाही. तो खुर्चीचे हात धरून बसतो. त्याला कारखाना बंद व्हायला नको असतो, त्याला फक्त बाजारात पिशवी न्यायची नसते. आणि एवढ्याशा आळसाला एवढं मोठं कारण शोधून काढणं हे मात्र मानलं पाहिजे.

शिवाय 'एकट्यानं काय होणार' हा प्रश्न मुंबईच्या माणसाने मुंबईत बसून विचारावा. कर्जत-खालापुरात येऊन विचारू नये. 1915 साली खोपोलीला आणि 1922 साली भिवपुरीला टाटांची वीजघरं सुरू झाली. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली सोडायचं, त्यावर वीज करायची, वीज मुंबईला न्यायची आणि पाणी आमच्या नदीत सोडून द्यायचं, असा हा कारभार शंभर वर्षं चाललाय. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं पेज नदीला. भर उन्हाळ्यात आमच्या पेजेला जे पाणी दिसतं ते हेच. म्हणजे मुंबईत कुणीतरी बटण दाबतो आणि इकडे नदी वाहते! एका माणसाच्या बोटाने काय होतं, याचा एवढा ओला पुरावा जगात दुसरीकडे कुठे असेल तर दाखवावा. आणि हीच पेज पुढे उल्हासला मिळते, उल्हास बदलापूर-कल्याणकडे जाते. आम्ही इथे पाण्यात जे सोडू ते कुणाच्या तरी दारावरून जाणार.

पण ही झाली मोठी गोष्ट. पिशवीची खरी गोष्ट मला कळली ती कर्जत बाजारात, जमिनीवर वाटे मांडून बसणाऱ्या एका मावशींकडून.

पावसाची चाहूल लागली की डोंगरावरच्या वाड्यांतल्या ठाकूर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन खाली येतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, पुढे कंटोळी. शेवळांबरोबर काकडं घ्यायची विसरलात तर घसा दिवसभर आठवण करून देतो. पूर्वी या बायका भाजी पानात गुंडाळून, वेलाने बांधून द्यायच्या. मग आम्ही सुशिक्षित गिऱ्हाईक सुधारलो. सागाच्या पानाचे लाल डाग शर्टाला पडतात, म्हणून आम्ही पिशवी मागू लागलो. मीही मागितली आहे. नुसती नव्हे, "मावशी, जरा दुहेरी द्या, फाटते" असं म्हणून दोन घेतल्या आहेत. वीस रुपयांची भाजी आणि वर कोथिंबीर मागावी तशी पिशवी.

एकदा सहज विचारलं, "मावशी, या पिशव्या कुठून येतात?"

"इकत आणायच्या. फुकाट कोन देतंय? आनि नाय दिली तर लोकं फुडं जातात."

मला वाटत होतं, पिशवी दुकानदार देतो. इथे दुकान कुठे होतं? एक गोणपाट, त्यावर पाच वाटे, आणि पहाटे डोंगर उतरून आलेली बाई. माझ्या शर्टाला डाग पडू नये म्हणून ती पदरचे पैसे घालत होती.

पुढे 23 मार्च 2018 ला राज्याची प्लास्टिकबंदी आली. पहिल्या खेपेला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्या खेपेला दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि वर तीन महिने कैद. कागदावर कायदा सगळ्यांना सारखाच. पण तपासणीचं पथक गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात येत नाही, ते भाजीच्या पाटीपाशी येतं. मागणारा मी, दंड तिला! आता पाच हजार रुपयांत शेवळांचे किती वाटे बसतात याचा हिशेब आमच्या स्नेह्यांनी त्या 'वरून' सुरुवात करणाऱ्यांना विचारावा. मी पँटचा पाय खांद्याला लावला तो त्या दिवसापासून. समुद्रातलं कासव वाचतं की नाही हे मला इथून दिसत नाही. मावशींची एक पिशवी वाचते, ती मात्र समोर दिसते.

हे सगळं मी स्नेह्यांना तावातावाने ऐकवलं. त्यांनीही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला तर, आत्ताच जाऊ बाजारात." गेलो. टाकळ्याचे तीन वाटे घेतले, कंटोळी घेतली आणि खांद्याला हात लावला तर पँट घरी, खिळ्याला!

स्नेही काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले. तेवढ्यात मावशींनीच विचारलं, "पिसवी आनली नाय का आज, बाबा?" आणि त्यांचा हात सवयीने गोणपाटाखाली जाऊ लागला.

"थांबा," मी म्हणालो. माझी छत्री जुन्या पद्धतीची, लांब दांड्याची. मिटली, पट्टा सोडला, मूठ मनगटाला अडकवली आणि सगळी भाजी तिच्या पोटात ओतली. त्याच क्षणी पावसाने जोर धरला. स्टेशनापासून दहिवलीपर्यंत मी भिजत आलो. कंटोळी कोरडी ठणठणीत होती.

दार उघडताच सौभाग्यवतींनी आधी छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिळ्याकडे.

"डोकं पुसा," त्या म्हणाल्या, "आणि काकडं आणली असतील तर परत करून या. हा टाकळा आहे."