भूमिपूजनाला गर्दी, गाळ काढायला कोणी नाही

संगणकावरील सॉफ्टवेअरच्या देखभालीविषयी या पृष्ठावर लिहावे असे मला का वाटले, याचा खुलासा प्रथम केला पाहिजे. १९९८ च्या गळीत हंगामात माझ्या विद्यार्थ्यांनी व मी करमाळा तालुक्यात तोडीसाठी आलेल्या मजूर कुटुंबांची पाहणी केली होती. उचल किती, मुकादमाचे देणे किती, मुले कोणत्या इयत्तेतून उठवून आणली, असे प्रश्न विचारत आम्ही पालांपालांतून हिंडलो. त्या प्रश्नावल्या पुढे वाळवीने खाल्ल्या. आकडे तेवढे उरले. पण ते एका जुन्या सांख्यिकी सॉफ्टवेअरने स्वतःच्या खास पद्धतीने साठवलेले असून ते सॉफ्टवेअर चालले नाही तर उघडतच नाहीत. याचा अर्थ असा की ते सॉफ्टवेअर मेले, तर त्या माणसांच्या कर्जाची एकमेव नोंदही त्याबरोबर मेली. गेली काही वर्षे ते जिवंत ठेवण्याचे काम जेऊरच्या माझ्या घरी बसून मी करतो आहे, आणि त्या कामाने मला अर्थशास्त्रातील एक गोष्ट नव्याने शिकवली.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९९१ पासून जगभरच्या लोकांनी मिळून घडवली. तिचा मूळ सोर्स कोड सर्वांना खुला आहे. कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. एवढे आपल्या चळवळीतील बहुतेकांना ठाऊक असते व त्याविषयी आपण कौतुकाने बोलतोही. परंतु सोर्स कोड म्हणजे चालते सॉफ्टवेअर नव्हे. शिधा आणि जेवण यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोहोंत आहे. शिधा कोठून आणावा, तो भेसळीचा नाही हे कसे ताडून पाहावे, आधी कोणत्या वस्तू घरात असल्या पाहिजेत, मग कोणत्या क्रमाने काय करावे, हे सांगणारे एक कृतीपत्र कोणी तरी लिहावे लागते. त्यावरून जे तयार होते त्याला पॅकेज म्हणतात, आणि त्या प्रक्रियेला बांधणी. आर्च लिनक्स नावाच्या प्रणालीत तर अशा कृतीपत्रांचे एक सार्वजनिक भांडारच आहे. तेथे वापरणारेच कृतीपत्रे लिहितात, वापरणारेच सांभाळतात. सांभाळणाऱ्याने हात काढून घेतला की त्या पॅकेजला ‘अनाथ’ म्हणतात, आणि पुढे आलेल्या माणसाने ते ‘दत्तक’ घ्यायचे असते. माझे पॅकेज मी असेच दत्तक घेतले. मूळ कर्त्याने त्याला हात लावून बरीच वर्षे झाली होती.

आता गंमत पाहा. सॉफ्टवेअर गंजत नाही, झिजत नाही. एक अक्षरही न बदलता ते पडून राहते, आणि तरीही एके दिवशी बांधले जात नाही. कारण त्याच्या भोवतालचे जग पुढे गेलेले असते. मे २०२४ मध्ये जीसीसी या कंपायलरची चौदावी आवृत्ती आली. आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरले, तर पूर्वी हा कंपायलर नुसती कुरकुर करी. आता त्याने तो अपराधच ठरवला. नियम योग्यच होता. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सैलपणे लिहिलेली किती तरी सॉफ्टवेअरे त्यामुळे एकाएकी अडली, त्यांत माझेही होते. तीन रात्री घालवल्यावर उत्तर निघाले ते तीन ओळींचे. २०२५ साली पंधरावी आवृत्ती आली आणि ‘बूल’ हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरने तोच शब्द स्वतःच्या व्याख्येसाठी वापरलेला! त्या वेळी मी खरी दुरुस्ती न करता ‘जुन्या नियमांनी बांध’ अशी एक सूचना कृतीपत्रात घालून वेळ मारून नेली. सरकारी बांधकाम खात्याला आयुष्यभर नावे ठेवणाऱ्या माणसाने रस्त्यातील खड्ड्यावर मुरूम टाकावा, तसलाच हा प्रकार झाला.

सार्वजनिक कुरणाची शोकांतिका गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडली. कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण आपले एकेक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण उजाड होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. खासगी मालकीच्या कैवाऱ्यांनी तो पुढे हवा तसा राबवला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे तपासून दाखवून दिले की लोक स्वतः नियम करून सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकवू शकतात. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र प्रश्न निराळाच आहे. येथे कितीही गुरे चरली तरी गवताचे एक पातेही कमी होत नाही. हे कुरण उजाड होते ते चरणाऱ्यांच्या गर्दीने नव्हे, राखणाऱ्यांच्या टंचाईने.

अशा टंचाईवर आपल्याकडे एक जुना तोडगा होता. धुळे-नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर लहान बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटले जाई. एका फडात एक पीक, पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला, त्याचे मोल शेतकऱ्यांनी द्यायचे, आणि हंगामापूर्वी पाटातला गाळ लाभधारकांनी मिळून काढायचा. यातले मर्म असे की पाण्याचा हक्क आणि गाळ काढण्याचे कर्तव्य एकाच दाव्याला बांधलेले होते. पुढे वरच्या अंगाला धरणे आली, ज्याची त्याची विहीर झाली, ऊस आला, आणि तो दावा सैल पडला. उजनीच्या पाण्यावर ऊस-केळी पिकवणाऱ्या आमच्या भागाला हे समजावून सांगायला नको. धरणाच्या भूमिपूजनाची कोनशिला असते. गाळ काढल्याची कोनशिला मी अजून पाहिलेली नाही.

दावा सुटला म्हणजे काय होते, ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. ‘एक्सझेड’ हे माहिती आवळून लहान करणारे सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते. ते वर्षानुवर्षे फिनलंडमधला एक माणूस विनामोबदला सांभाळत होता. तो थकला होता. मनःस्वास्थ्य ठीक नसल्याचे त्याने लिहूनही कळवले होते. अशा वेळी एक अनोळखी मदतनीस आला, दोन वर्षे इमानाने राबला, विश्वास कमावला, आणि अखेर त्याने चोरदरवाजा बसवला. तोही कोठे, तर मुख्यतः चाचणीच्या फायलींत आणि बांधणीच्या सूचनांत, म्हणजे नेमका जिथे कोणी पाहत नाही तिथे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश मिळायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने पिच्छा पुरवला, आणि म्हणून हे उघडकीस आले. जगाची सुरक्षितता एका माणसाच्या चिकित्सक स्वभावावर उभी होती. मी ज्या भांडाराविषयी लिहिले तेथेही जुलै २०१८ मध्ये एक अनाथ पॅकेज दत्तक घेऊन त्यात घातक सूचना घातल्याचे आढळले होते. अनाथाला कोणी तरी दत्तक घेतोच. तो कोण असावा एवढेच काय ते आपल्या हाती आहे.

आणि या बिनमोल श्रमाचा लाभ कोणाला होतो? २०२४ साली हार्वर्डच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला. सर्वाधिक वापरले जाणारे खुले सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहायचे तर खर्च सुमारे ४.१५ अब्ज डॉलर. पण ते नसते आणि प्रत्येक कंपनीला आपापले लिहावे लागले असते तर ८.८ लाख कोटी डॉलर. असल्या अंदाजांवर माझा फार भरवसा नाही, अर्थशास्त्रज्ञ असल्यामुळे तर नाहीच. तरी या दोन आकड्यांतली दरी कोणाच्या खिशात जाते, हे सांगायला हार्वर्डची गरज नाही. त्याच अभ्यासाप्रमाणे या मूल्याचा ९६ टक्के भाग अवघ्या ५ टक्के लोकांच्या कामातून येतो. घरातील स्त्रीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत, याविषयी आपण अनेक ठराव केले. हेही त्याच जातीचे श्रम आहेत: केले तर दिसत नाहीत, न केले तर लगेच दिसतात.

मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून ‘लोहित’ हे फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने खुले केले आणि त्यांच्या देखभालीचे पुष्कळ काम पुण्यात झाले. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद ज्या अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे, तो हिंदीला लागत नाही, मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही वेगळी. अक्षरे जुळवणारे सॉफ्टवेअर बदलले की ही जोडाक्षरे मराठी माणसानेच डोळ्यांखालून घातली पाहिजेत. बाजारावर सोडले तर आचार्य स्वयंपाकघरात जातील आणि बाजाराला त्याची खबरही नसेल.

तेव्हा मागणी करायची ती नुसत्या ‘मुक्त सॉफ्टवेअर वापरा’ अशी नको. केरळात काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते आणि ती वेळोवेळी नवी करते. जर्मनीने २०२२ मध्ये याच देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला व पुढल्याच वर्षी ग्नोम या प्रकल्पाला दहा लाख युरो दिले. महाराष्ट्र शासनाने आपल्या कार्यालयांत जे खुले सॉफ्टवेअर चालते त्याच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडावे. फडातल्या लाभधारकाने द्यायचे मोल म्हणून, उपकार म्हणून नव्हे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी नवा प्रकल्प करावा लागतो, आणि तो परीक्षेनंतर कोणी उघडूनही पाहत नाही. त्याऐवजी एक अनाथ पॅकेज वर्षभर सांभाळले तर त्याला तितकेच गुण का मिळू नयेत? आपल्या चळवळीलाही हा प्रश्न विचारला पाहिजे. वाचनालये, रात्रशाळा, ग्राहक भांडारे आपण थोडी उघडली नाहीत. त्यांपैकी किती ठिकाणी आज कुलूप आहे, ते मोजायला बसलो तर रात्र पुरणार नाही. आपणही उद्घाटनाचीच माणसे.

असो. माझे डोळे आता रात्री साथ देत नाहीत. गेल्या दिवाळीपासून शेजारच्या गावातली, तंत्रनिकेतनात शिकणारी एक मुलगी रविवारी येऊन बसते. तिचे आजी-आजोबा तोडीला जात असत. मी टाकलेला मुरूम तिने पहिल्याच महिन्यात उकरून काढला आणि ‘बूल’ची दुरुस्ती जशी करायला हवी होती तशी केली, दुरुस्ती मूळ कर्त्याला पाठवली आहे, उत्तर आलेले नाही. कृतीपत्राच्या पहिल्या ओळीत आता सांभाळणारे म्हणून दोन नावे आहेत. १९९८ च्या पाहणीची फाइल उघडते. तिच्यातील गावांची नावे मराठी अकारविल्हे लावताना अजून एक चूक होते; ती पुढच्या रविवारी पाहायची आहे.