ठासणीची बंदूक आणि गजावरच्या दोन खुणा

निवडणूक जाहीर झाली की कोकणातल्या परवानाधारक शेतकऱ्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. 2024 मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. मग ठरलेला वाद रंगतो: बंदूक ठाण्यात आणि रानडुकरं भातात. तक्रार खरी आहे. मात्र जमा होणाऱ्या बंदुकीच्या नळीत बार शिल्लक होता का, ती धुतली होती का, हे कोणी विचारत नाही.

ठासणीच्या बंदुकीचा पीकसंरक्षणासाठी 1959 च्या शस्त्र कायद्यात वेगळा उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर बूच, मग छर्रे. गजाने ठासायचं आणि निपलवर केप बसवायची. घोडा केपेवर आपटला की ठिणगी बारीक भोकातून दारूपर्यंत पोचते. यंत्रणा इतकी साधी, की बंदूकही निरुपद्रवी वाटू लागते. काडतुसाची बंदूक उघडली की भरलेली आहे की रिकामी ते दिसतं. इथे केप काढून टाकली तरी बार आतच असतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

त्यावरचा उपाय फुकटातला आहे. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून तोंडाशी येईल तिथे एक खूण करायची, नेहमीचा बार भरल्यावर दुसरी. गज दुसऱ्या खुणेच्याही वर राहिला, तर एकतर बारावर बार भरला गेलाय किंवा दारू आणि छर्रे यांच्यात पोकळी राहिली आहे. दोन्हींत नळी फाटू शकते. काडतुसातली धूरविरहित दारू या नळीत घातली तर फाटण्याची वाटही बघायला नको.

काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपात उरतो. त्यातला काही धुरावाटे जातो, बाकीचा नळीला चिकटतो. हे क्षार ओलावा ओढून घेतात, आणि कोकणच्या हवेत त्याची टंचाई नाही. नुसता तेलाचा बोळा फिरवून भागत नाही. गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, मगच तेलाचा पातळ हात. पुन्हा भरण्याआधी ते तेल पुसून, सुरक्षित दिशेला धरून नुसती केप वाजवायची. भोकात तेल साचलं तर दारू सादळते.

सादळलेली दारू कधी उशिरा पेटते. केप फुटली आणि बार उडाला नाही, तर किमान मिनिटभर नळी सुरक्षित दिशेलाच हवी. लोक नेमके तेव्हाच नळीत डोकावतात!

बंदूक जमा करून घेताना केप काढलीय याची खात्री करून गज घालून पाहायला आणि पावतीवर ‘रिकामी, साफ’ अशी नोंद करायला ठाण्याला फार खर्च नाही. परवान्याच्या नूतनीकरणाआधी निपल आणि घोडा जाणत्या कारागिराकडून तपासून घेण्याची अटही घालता येईल. नोटिशींविरुद्ध निवेदनं देणाऱ्यांनी त्यात ही मागणीही लिहावी.