केरसुणीआधी कॅमेरा

सोलापूरचे कॅमेरे नान्नजच्या माळरानाकडे धावतात ते माळढोकसाठी. पक्षी दिसला नाही की दिवस वाया गेला म्हणायचे, आणि घरी येऊन भिंतीवरचा कोळी केरसुणीने झटकायचा! खरे तर मॅक्रो छायाचित्रणासाठी इतका सोयीचा जीव दुसरा नाही. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांची मांडणी कुळानुसार बदलते. चित्रात डोळे नेमके टिपले, तर कुळ ओळखण्याचे निम्मे काम झाले. उडी मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे दोन डोळे मोठे असतात. जळमटातला लांब पायांचा कोळी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून हिंडतो. हे बारकावे नुसत्या नजरेला नीट दिसत नाहीत.

केवळ छायाचित्रावरून प्रजाती ठरत नाही, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे; त्यासाठी जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. पण कुठे, कधी, कोणत्या झाडावर, ही नोंद चित्रासोबत राहिली तर शोध कुठे घ्यायचा ते कळते. ठाणे-कल्याणसारख्या गजबजलेल्या भागातूनही २०२१ साली नवी प्रजाती नोंदली गेली. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचे नाव ‘आयसियस तुकारामी’. विषाची भीतीही अवाजवी आहे. आपल्या घरांतले बहुतेक कोळी माणसाला अपाय करत नाहीत, उलट माश्या-झुरळे खातात. जळमटे जरूर काढा, फक्त आधी फोटो घ्या. मात्र कोळी हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवणारी हौस छायाचित्रण नव्हे.