चूक दारातच कळू दे!

गेल्या रविवारी भाची लॅपटॉप घेऊन आमच्या धारवाडच्या घरी आली. हुबळीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेहरा पार उतरलेला. "मामा, मी सी प्लस प्लस सोडते. मला नाही जमायचं."

प्रोग्राम जेमतेम दहा ओळींचा, पण एररने सगळा स्क्रीन भरला होता. चूक एवढीच, की 'लिस्ट'मधले आकडे तिने लायब्ररीतल्या नेहमीच्या 'सॉर्ट'ने लावायला घेतले होते. त्या सॉर्टला हव्या त्या जागी थेट उडी मारता यावी लागते. लिस्टमध्ये मात्र एकेक कडी धरतच पुढे जावं लागतं. एररमध्ये याचा उल्लेखच नाही. तक्रार होती वजाबाकीच्या चिन्हाबद्दल. बिचारीने वजाबाकी कुठे केलीच नव्हती!

असं का होतं? टेम्प्लेट म्हणजे साचा. आपण दिलेला प्रकार त्यात ओतून कंपायलर खरा कोड तयार करतो. सॉर्ट आतमध्ये शेवटातून सुरुवात वजा करतो आणि लिस्टला ते जमत नाही. म्हणून तक्रार येते ती लायब्ररीच्या माजघरातली.

मी विचारलं, "चिगरी बसने आलीस ना? तिकीट कुठे तपासलं?"
"स्टेशनच्या गेटवर."
"तेच बस नवनगरच्या पुढे गेल्यावर तपासलं असतं तर?"
ती हसली.

मित्रांनो, सी प्लस प्लसमध्ये असं गेट म्हणजे 'कन्सेप्ट'. साच्याला काय लागतं ते दारावरच लिहायचं. ही सोय आधीच्या आवृत्तीत येणार होती, पण २००९ मध्ये समितीने ती वगळली. शेवटी ती आली सी प्लस प्लस २० मध्ये. त्यातला 'रेंजेस'चा सॉर्ट वापरला तर कंपायलर अट पुरी होत नसल्याचं सांगतो. संदेश तरी लांबच असतो, पण मुद्द्याचं बोलतो.

जुना कोड असेल तर? जीसीसीमध्ये 'रिक्वायर्ड फ्रॉम हिअर' हे शब्द शोधा आणि त्या ओळीत आपल्या फाइलचं नाव पाहा. बहुधा तिथेच आपली ओळ सापडते. मग पहिलीच 'एरर' वाचा, बाकीच्या नंतर. आणि पाच-दहा ओळी लिहिल्या की लगेच कंपाइल करा.

भाचीने लिस्टचा स्वतःचा सॉर्ट वापरला आणि प्रोग्राम चालला. मग स्वतःच्या एका साच्यात तिने 'स्टॅटिक अ‍ॅसर्ट' घालून साधा संदेश लिहिला: 'इथे फक्त आकडे द्या.' म्हणाली, "माझ्या मैत्रिणीला रडायला नको."

सी प्लस प्लस सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. संदेश समजला नाही, तर आपण मठ्ठ आहोत असं लगेच मानू नका. कधी कधी सांगणाऱ्यालाच नीट सांगता आलेलं नसतं.